मार्लवाईचा गुसाडी
(आदिलाबाद येथील शोकसभेत केलेले भाषण)



दिवाळी सहा दिवसांवर आली असताना, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, कनक राजू यांनी देह ठेवला. गोंडांच्या दंडारीचे हेच दिवस. ज्या ढोलांच्या नादावर त्यांनी उभा जन्म पावले टाकली, ते ढोल गावोगाव बाहेर निघत असतानाच मार्लवाईचा हा गुसाडी उठून गेला.

मृत्युलेख लिहिण्याचे काम आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. पुण्या-मुंबईच्या साहित्यिकाचे निधन झाले की आमची लेखणी एका रात्रीत दोन रकाने भरते. मार्लवाईची वार्ता मात्र आम्ही आतल्या पानावर चार ओळींत उरकली. का? तो आपल्या भाषेचा नव्हता म्हणून? त्या चार ओळी आम्हांस अजून बोचतात; म्हणूनच आज बोलावयास उभे राहिलो आहोत.

दंडार म्हटले की झाडीपट्टीकडील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रात्रभर रंगणारा खेळ उभा राहतो. राजगोंडांची दंडारी निराळी. ते व्रत आहे. मोरपिसांचा भरगच्च टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंड. हा वेष चढविला की देव अंगी आला अशी श्रद्धा, आणि व्रत उतरेपर्यंत स्नान नाही. एका गावचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. नाच होतो, पंगती उठतात, सोयरिकीही जुळतात. हे सारे रंगमंचावरील काही मिनिटांत कसे मावावे? तरीही कनक राजूंनी ते दिल्लीस नेले. इंदिरा गांधी पंतप्रधान असताना राजधानीने त्यांचे नृत्य पाहिले. २०२१ साली पद्मश्रीही लाभली. परंतु त्यांचे खरे कार्य आमच्या मते दुसरेच. त्यांनी गावची पोरे जमवून त्यांस पाऊल शिकविले. तो टोप क्षणभर डोक्यावर ठेवून छायाचित्र काढून घेणारे पुढारी पुष्कळ; तो घालून नाचणारा घडविणारा एखादाच.

आणि मार्लवाई आपल्याला परके तरी कसे? १९४० साली जोडेघाटात कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाचे मूळ शोधण्यास निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास धाडले. ते पत्नीसह मार्लवाईतच राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी वाचनपुस्तके छापली गेली ती देवनागरीत! आपल्याच अक्षरांत त्या मुलांनी आपली मायबोली वाचली. पुढे शाळांची भाषा तेलुगू झाली. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून पलीकडे गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे पडले, आणि मार्लवाई आसिफाबादच्या वाट्यास आले. दंडारी मात्र किनवट-राजुऱ्याकडच्या गोंडवस्त्यांतही निघते, आणि मार्लवाईतही.

येत्या दिवाळीत आम्ही मार्लवाईस जाणार आहोत. ज्यांना सोबत यावयाचे असेल त्यांनी सभा संपताच आपली नावे द्यावीत. कॅमेरे घरी ठेवावेत.