स्वरतंतूंची जखम आणि स्टेरॉइड

स्त्रीच्या साध्या बोलण्यात सेकंदाला सुमारे २०० वेळा कंप पावणाऱ्या स्वरतंतूंना इजा झाली, म्हणजे प्रथम तेथे सूज येते आणि मागाहून कोलाजेनचे राठ धागे साचून, आवरणाखालचा जो मऊ थर लहरत राहावयाचा तोच ताठरतो व आवाज घोगरा होतो. स्टेरॉइड औषध ही सूज ओसरविते, कोलाजेनच्या निर्मितीसही आळा घालते. परंतु दाह हाच जखम भरण्याचा आरंभ असल्यामुळे, स्टेरॉइडच्या अमलाखाली नवे आवरण चढण्यास विलंब लागू शकतो, आणि हे औषध स्वरतंतूंत सुईने वारंवार टोचल्यास ऊतक झिजण्याचेही भय असते. म्हणूनच मैफलीच्या तोंडावर स्टेरॉइडची गोळी घेऊन गाणे मला घातक वाटते. सूज उतरते, जखम मात्र कायम राहते. गायकांनी व शिक्षकांनी कंठतज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करविल्यावाचून हे औषध घेऊ नये, ही कळकळीची विनंती.