पाखरू आधी पाहा, मग त्याविषयी मत ठरवा
(पक्षी सप्ताहानिमित्त शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



पाखरे म्हटली की आपल्याला हुरड्यात आलेली ज्वारी, मचाण आणि गोफण आठवते. ज्याच्या कणसातले दाणे जातात त्याला पक्षिरक्षणाचा उपदेश रुचत नाही, हे मी जाणतो. म्हणून उपदेश करीत नाही. पाखराविषयीचे मत ऐकीव गोष्टींवर न ठरवता शेतात बसून, डोळ्यांनी पाहून ठरवावे, एवढेच सांगणार आहे.

अर्धवट माहिती किती महागात पडते ते पाहा. १९५८ साली चीनमध्ये चिमणीला धान्याचा शत्रू ठरवून देशभर मारण्याची मोहीम झाली. चिमणी दाणे खाते हे खरेच. पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरवते, हे हिशेबात धरले गेले नाही. किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीला वगळून तिच्या जागी ढेकूण घातला गेला. त्याच चीनच्या शिनजियांग भागात पुढे भोरड्यांना विणीसाठी दगडांचे ढीग रचून देण्यात आले, कारण त्या टोळ फस्त करतात. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर उतरतात त्या याच भोरड्या. म्हणजे पाखरू तेच, पण हंगाम आणि पीक बदलले की त्याचा जमाखर्चही बदलतो.

घुबडाचेही तसेच. गव्हाणी घुबड किंवा पिंगळा घराजवळ ओरडला की अनेकांना अपशकुन वाटतो. पण गव्हाणी घुबड बसते त्या जागेखाली केस आणि हाडांच्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. भक्ष्याचा न पचलेला भाग ते तोंडावाटे टाकून देते. अशी गोळी काडीने फोडून पाहा. उंदराची कवटी आणि दात ओळखू येतात. आपल्या धान्याचा चोर कोण आणि राखणदार कोण, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

आता हरभऱ्यात पुढीलप्रमाणे करून पाहावे :

१) हेक्टरी सुमारे ५० पक्षिथांबे, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच, रोवावेत. बांबूच्या काठीवर आडवी काडी बांधली तरी पुरे.

२) पीक फुलोऱ्यात व घाट्यात असताना दहा दिवस, सूर्योदयानंतर अर्धा तास बांधावर शांत बसावे. कोतवाल, साळुंकी, बगळा यांपैकी कोण आले, कोठे बसले, चोचीत काय होते, हे वहीत लिहावे. मुलांना बरोबर घ्यावे. त्यांची नजर तेज असते.

३) थांब्यांजवळच्या आणि दूरच्या ओळीत मीटरभर अंतरातील घाटेअळ्या मोजून तुलना करावी. अळ्या वाढतच असतील तर शिफारशीप्रमाणे फवारणी जरूर करावी. पाखरे सर्वच काम करतील असे समजू नये.

४) उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवले असल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. असा उंदीर खाल्ल्याने घुबडालाही विषबाधा होऊ शकते.

डॉ. सालीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे आयुष्यभर पक्षीच पाहत राहिले. नीट पाहिलेले पाखरू मारायला हात सहसा उठत नाही. बांधावरची बाभूळ किंवा जुन्या झाडाची ढोली तोडण्यापूर्वी तेथे कोण राहते, ते एकदा पाहावे. वहीतल्या नोंदी पाहून निर्णय आपणच घ्यावा.