पदवीवाचून पालटलेली वाट
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, अशी जैन परंपरेची श्रद्धा आहे. कल्पवृक्षांनी देणे थांबविले, तेव्हा हतबल झालेल्या प्रजेला प्रभूंनी हाताला काम आणि मनाला धीर दिला. जुने साधन संपले की नवे शिकावे, हा उपदेश अशा रीतीने आपल्या परंपरेच्या मुळाशीच आहे. तथापि चाळिशी उलटलेल्या गृहस्थाच्या मनात धंदा बदलण्याचा विचार आला की तो प्रथम संकोचतो. "आता या वयात? आणि हातात कसला कागद आहे?" हे दोन प्रश्न त्याची पावले उंबरठ्याशीच थांबवितात.

जामसर, जव्हार, मोखाडा या डोंगरी मुलुखात हा प्रश्न पुस्तकी नाही. नागली, वरई आणि भात यांच्या पिकावर येथील बाजार चालतो. पावसाळा सरला की गावेच्या गावे वीटभट्ट्यांच्या व बांधकामांच्या कामासाठी खाली उतरतात आणि मग दुकानाचा गल्लाही ओस पडतो. वडिलार्जित दुकानावर पुढील पिढीचे भागेल की नाही, ही चिंता अनेक घरांत आहे. अशा वेळी पूर्वसूरींची चरित्रे नुसती वंदनासाठी नव्हेत, तर मार्गदर्शनासाठी वाचावयाची असतात.

त्यांतील पहिले चरित्र कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगमध्ये राहिले. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची पायरी त्यांना चढता आली नाही. पुढे साताऱ्यास खासगी शिकवण्या करून ते "पाटील मास्तर" झाले. त्यानंतर त्यांनी ओगले काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम पत्करले. आजच्या भाषेत ते फिरते विक्रेते होते.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. बांधावर बसून, भाकरी वाटून खाऊन, प्रत्यक्ष नांगरट करून दाखवून तो समज दूर करावा लागे. या भटकंतीत भाऊरावांना खेडे कळले. नांगर घेण्याची ऐपत असलेल्या घरातही मुलगा शाळेविना राहतो आणि ज्याला नांगरच नाही त्याच्या मुलाचा तर प्रश्नच नाही, हे त्यांनी दारोदार पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. 1924 साली संस्था साताऱ्यास आली. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे "छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस" असे नामकरण झाले.

भाऊराव विक्रेत्याचे शिक्षणकर्ते झाले ते एका दिवसात नव्हे. नांगराच्या व्यवसायातील मिळकत आणि ओळखी यांच्या आधारावर त्यांनी शिक्षणाचे काम आधी जोडीने चालविले व मगच पूर्ण वेळ पत्करले. शिवाय जुना व्यवसाय सोडताना त्यांनी त्यातील विद्या सोडली नाही. अनोळखी माणसाला पटवून देणे, नकार हसून घेणे, गावोगावच्या वाटा ठाऊक असणे, पै-पैचा हिशेब ठेवणे, या गोष्टी कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेल्या नव्हत्या. पण संस्थेसाठी धान्य आणि वर्गणी गोळा करताना त्याच कामी आल्या.

या परिवर्तनाची किंमत मात्र त्यांनी एकट्याने मोजली नाही. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने मोडून दिले; अखेर मंगळसूत्रही दिले. सनातनी संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांसाठी चूल पेटती ठेवली. 1930 साली त्यांचे निधन झाले. वटवृक्षाचा विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाही. मध्यम वयात वाट बदलणाऱ्याच्या पाठीशी बहुधा असे एक मूक माणूस उभे असते. म्हणून असा निर्णय घरात बसून, सर्वांना विश्वासात घेऊन व्हावा. कोणाच्या अंगावरचे काय उतरणार आहे, हे आधी स्पष्ट बोलले जावे.

पुढे 1935 साली भाऊरावांनी साताऱ्यास अध्यापकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले आणि 1947 साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय. स्वतः मॅट्रिक न झालेल्या पुरुषाने शिक्षक मात्र प्रशिक्षितच हवेत असा आग्रह धरला. पदवी नसणे हा त्यांनी दागिना मानला नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते इतरांना मिळावे, अशीच त्यांची तळमळ होती. 1959 साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. देऊन गौरविले आणि भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी 9 मे रोजी ते निवर्तले. त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय आज मोखाड्यातही आहे.

दुसरे चरित्र सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे. 1882 साली व्यापारी जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंदांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. घरची पेढी सोडून ते रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. योगायोग असा की, रयत स्थापन झाली त्याच वर्षी, 5 एप्रिल 1919 रोजी, सिंदिया कंपनीची "लॉयल्टी" ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. छत्तिसाव्या वर्षी कंत्राटदाराचा जहाजमालक झाला. 1940 साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना निघाला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जे आपल्याला येत नाही ते ज्याला येते, त्याला सन्मानाने जोडून घेण्याची दृष्टी होती.

तिसरे उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यातीलच आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे 1934 साली जन्मले. शाळेशी त्यांचा संबंध आला नाही. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा तो सुवासिनींनी, अशी वारली समाजाची रीत. म्हसे यांनी पुरुष असूनही कुंचला हाती धरला. 1970 नंतरच्या दशकात, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांची चित्रे कागदावर उतरून जगापुढे गेली. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार व 2011 साली पद्मश्री मिळाली. जे कौशल्य हाताशी असूनही आपण त्याला विद्या मानत नाही, त्याचे मोल या चरित्रातून कळते.

या तिघांच्या कथांवरून कोणी पदवीची अवहेलना करू नये. औषधाचे दुकान, वैद्यक, वकिली अशा क्षेत्रांत अधिकृत पात्रतेवाचून पाऊल टाकणे हा गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, म्हणजे हिंसाच आहे. त्यासाठी शिकावेच लागेल आणि शिकण्यास वयाचे बंधन नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली अशाच प्रौढांसाठी स्थापन झाले. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. ज्यांच्या हातात कसब आहे पण कागद नाही, त्यांनी अशा सोयींची चौकशी अवश्य करावी.

श्रावकाने आणखी एक कसोटी लावावी. शास्त्रकारांनी गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या धनाला पहिले स्थान दिले आहे, आणि कोळसा पाडणे, जंगल तोडणे यांसारखे व्यवसाय कर्मादान म्हणून वर्ज्य सांगितले आहेत. वनांनी वेढलेल्या या प्रदेशात त्या उपदेशाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नवा धंदा निवडताना नफा किती, याआधी त्यात कोणाचे नुकसान आहे, हे पाहावे.

आणि समाजाचेही कर्तव्य आहे. एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाने दुकानाची फळी उतरविली की "धंदा बुडाला" अशी कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीच्या भयाने कितीएक माणसे तोट्यातले दुकान वर्षानुवर्षे रेटतात आणि कर्जाच्या ओझ्याखाली मनाने खचतात. साधर्मिक वात्सल्य म्हणजे केवळ स्वामीवात्सल्याचे जेवण नव्हे. अशा बांधवाला सहा महिन्यांचा आधार, एखाद्या जाणत्याची ओळख आणि निंदेऐवजी विश्वास देणे, हेही साधर्मिक वात्सल्यच आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीत असा एक हात सदैव पुढे ठेवला, तर कित्येक घरांतील दिवा विझता विझता पुन्हा तेवेल.

जय जिनेंद्र.