दात घासण्याच्या ब्रशाची निगा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित आणि पटावरील मुलांची नियमित उपस्थिती या मोठ्या विषयांचा ऊहापोह झाला. त्यांच्या मानाने मी निवडलेला विषय अगदी लहान, केवळ वीतभर लांबीचा आहे. मुलांनी रोज दात घासावेत हे आपण सर्वच सांगतो. परंतु दात घासून झाल्यावर हातातील ब्रशाचे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. आज मला तेवढेच सांगावयाचे आहे.

ही उणीव का राहिली, याचा विचार केला तर तिचे कारण आपल्या जुन्या रीतीतच सापडते. आपल्या पूर्वजांचे दंतधावनाचे साधन म्हणजे दातवण. सुश्रुतसंहितेत त्याचे माप दिले आहे : लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ, बिनगाठीची आणि ताजी असावी. कडू रसाच्या झाडांत निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह आणि तिखट रसात करंज ही झाडे तेथे श्रेष्ठ मानली आहेत. यांपैकी निंब आणि करंज आपल्या वाशिम जिल्ह्यात आजही आढळतात. बाभळीच्या काडीचा परिपाठ तर आपणांपैकी अनेकांच्या आजोबांनी जन्मभर पाळला असेल. या साधनाचा मुख्य गुण असा की, ते रोज नवे असे. सकाळी मोडलेली काडी दात घासून झाल्यावर फेकून दिली जाई. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर गांधीजींच्या सोबतीस होते. निंबाची एक काडी एकदाच वापरून टाकणे गांधीजींना उधळपट्टीचे वाटे. चावलेले टोक कापून तीच काडी दुसऱ्या दिवशी वापरावी, असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे काटकसरीतही तोंडात जाणारे टोक मात्र रोज नवेच राही.

ब्रशाचे तसे नाही. तो आज वापरला, उद्या वापरला, आणि पुढे कित्येक महिने वापरला जातो. पूर्वी ब्रशाचे तंतू डुकराच्या राठ केसांचे असत. ते पाणी धरून ठेवीत आणि लवकर वाळत नसत. १९३८ साली नायलॉनच्या तंतूंचा ब्रश अमेरिकेत बाजारात आला आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. पण नाहीशी झाली नाही. काडी गेली आणि ब्रश आला, तेव्हा साधनाबरोबर त्याच्या निगेचे एक नवे कर्तव्यही घरात आले. साधन आपण घेतले. कर्तव्य मात्र उंबरठ्याबाहेरच राहिले.

शाळाभेटींच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना घराघरांतील ब्रश कोठे ठेवलेले असतात, हे मी पाहत असतो. कोठे तो न्हाणीच्या दगडावर साबणाशेजारी आडवा पडलेला असतो. कोठे पत्र्याच्या फटीत, धूर आणि कोळिष्टके यांच्या संगतीत खोचलेला असतो. कोठे चार भावंडांचे ब्रश एकाच पेल्यात डोक्याला डोके लावून उभे असतात. एखादी काळजीवाहू माउली धूळ बसू नये म्हणून ओला ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. तिचा हेतू चांगला असतो. परंतु परिणाम उलटा होतो. आपल्या सर्वांच्या मुखात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. घासताना त्यांतील काही ब्रशावर येतात. त्यांना ओल आणि कोंदट जागा मिळाली की ते वाढतात. वारा लागून तंतू सुकले की त्यांची वाढ खुंटते. निगेचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे.

त्यावरून पुढील नियम आपोआप निघतात.

पहिला नियम धुण्याचा. ब्रश हातात घेण्यापूर्वी हात धुवावेत. दात घासून झाल्यावर तंतूंवर पाण्याची धार धरावी, अडकलेले अन्नकण व पेस्ट निघून जाईपर्यंत बोटाने हलके चोळावे आणि दोन-तीन वेळा झटकावे. उन्हाळ्यात आपल्या अनेक गावांत पाण्याची ओढ असते, हे मी जाणतो. परंतु याला गडूभर पाणी पुरते. मात्र ते वरून धार धरून घ्यावे. घरच्या बादलीत किंवा टाकीत ब्रश बुडवू नये. त्याने ब्रश स्वच्छ होत नाही, आणि सर्वांचे पाणी मात्र खराब होते.

दुसरा नियम सुकविण्याचा. ब्रश डोके वर करून, उभा, उघड्या हवेत ठेवावा. टोपण प्रवासापुरते बरे. तेही ब्रश सुकल्यावर लावावे. शौचालयाजवळ तो ठेवू नये. ब्रश उकळणे किंवा औषधी पाण्यात बुडवून ठेवणे यांची गरज नाही. उकळत्या पाण्याने तंतू वाकतात. स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा एवढे पुरेसे आहे.

तिसरा नियम वेगळेपणाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. दोन भावंडांत एक ब्रश ही गोष्ट काही घरांत अजूनही चालते. हिरड्यांतून रक्त येणे ही सामान्य बाब असते. ते डोळ्यांना न दिसण्याइतके अल्पही असू शकते. हिपॅटायटिस बी ही यकृताची व्याधी रक्तावाटे पसरते. म्हणूनच कोणाचाही ब्रश दुसऱ्याने वापरू नये, असे वैद्यकशास्त्र बजावून सांगते. प्रत्येकाच्या ब्रशाच्या दांड्याला निराळ्या रंगाचा दोरा बांधला की अक्षरओळख नसलेले मूलही आपला ब्रश ओळखते.

चौथा नियम बदलण्याचा. तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदलावा. तंतू त्यापूर्वीच फाकले तर तत्पूर्वी बदलावा. पहिलीच्या वर्गाला हे विशेष लागू आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा दात पडल्यावाचून ती येत असल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात. वस्तुतः ती कायमची असते आणि किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. जुन्या खराट्यासारखा फाकलेला ब्रश तिच्या खाचांची नीट सफाई करू शकत नाही. म्हणून ब्रश मऊ तंतूंचा व लहान डोक्याचा घ्यावा. बदलण्याचे दिवस लक्षात राहावेत म्हणून मी सुचवितो : शाळा उघडण्याचा दिवस, दसरा, संक्रांत आणि पाडवा. दसऱ्याला शेतकरी आपल्या अवजारांची पूजा करतो. मातीने भरलेला विळा तो कधी तसाच टाकून ठेवीत नाही. साधनाची कदर ही आपल्या खेड्यांना परकी गोष्ट नव्हे. ती फक्त या लहान साधनापर्यंत पोहोचवावयाची आहे.

आता शाळेने काय करावे? कार्यानुभवाच्या तासाला ब्रश ठेवण्याचे घर मुलांकडून करून घ्यावे. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बरणीच्या झाकणाला दोन-दोन बोटांच्या अंतरावर भोके पाडावीत आणि बरणीच्या तळालाही पाणी निघून जाण्यासाठी एक भोक ठेवावे, की काम झाले. भोके पाडण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. दर आठवड्याला ही बरणी धुवावी. ऊसतोडीस गेलेल्या पालकांची मुले जेथे हंगामी वसतिगृहात राहतात, तेथे आणि आश्रमशाळांत याची निकड अधिक आहे. कारण तेथे तीस-चाळीस ब्रश एका ठिकाणी नांदतात.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रार्थनेच्या वेळी नखे व दात पाहण्याची आपली पद्धत चांगली आहे. परंतु “ज्यांच्याकडे ब्रश नाही त्यांनी उभे राहावे” असे कृपा करून कोणीही म्हणू नये. असे उभे राहिलेले मूल स्वच्छता शिकत नाही. ते केवळ आपले दारिद्र्य चारचौघांत मोजले जात असल्याचे शिकते, आणि कदाचित दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. ज्या घरी ब्रश नसेल, त्याची चौकशी एकांतात करावी. शाळा व्यवस्थापन समितीपुढे नावे न घेता विषय मांडावा. चार ब्रशांची तजवीज करणे कोणत्याही गावाला जड नाही. तोपर्यंत ताजी निंबाची काडी आहेच, आणि तिच्यात कमीपणा मुळीच नाही.

मुलाने वर्षभर आपला ब्रश नीट जपला, तर त्याचे दात राखले जातील हा लाभ आहेच. शिवाय आपली वस्तू आपण सांभाळावी आणि दुसऱ्याची वापरू नये, हा धडाही त्याच्या हाताला मिळेल. तो आपण आपल्या वर्गांतून द्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.