डॉक्टरांपासून काय लपवावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज माझी स्वतःचीच एक चूक सांगणार आहे.

आमच्या यजमानांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "काही व्यसन?" ते तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "छे, छे! सुपारीचेसुद्धा नाही." वास्तविक रोज रात्री ते दोन पेले घेत. पण परक्यापुढे ते कसे सांगायचे? मला घराची अब्रू मोठी वाटली.

दर खेपेस सकाळच्या तपासणीत दाब १६० च्या वरच निघे. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण वाढवले, जोडीला लघवी होण्याची गोळी दिली. त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यातला एक आकडा मी दडवला होता. एका रात्री यजमान लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कोसळले. कपाळाला सहा टाके पडले. त्या रात्री मी डॉक्टरांना खरे ते सांगितले.

त्यांनी समजावले ते असे. दारू पोटात गेली की पहिले काही तास रक्तवाहिन्या सैल पडतात व दाब उतरतो. दाब उतरवणे हेच गोळीचेही काम. दोन्हींचा जोर एकत्र झाला, की अंथरुणातून उठताच मेंदूला रक्त कमी पडते आणि भोवळ येते. शिवाय दारूने लघवी जास्त होऊन अंगातले पाणी घटते. पुढे अंमल ओसरला की दाब उलट चढतो आणि रोजच्या पिण्याने तो चढाच राहतो. रात्री खाली, सकाळी वर. आणि आम्ही दोष देत होतो गोळीला!

काहीजण 'आज घ्यायची आहे' म्हणून गोळीच चुकवतात. तेही घातक. काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर दाब उसळतो. टाळायचा तो पेला, गोळी नव्हे. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारूही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. एकदम तोडल्यास झटके येऊ शकतात.

आपणही यातून सुटलो नाही. द्राक्षासवासारख्या आसवांत आंबवण्यामुळे थोडा मद्यांश असतोच. गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. कोणाला भोवळ आलीच तर आडवे निजवून पाय उंच करावेत. डोक्याला मार लागला असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

यजमानांनी पेला सोडला. पुढे डॉक्टरांनी वाढवलेली गोळी कमी केली. कपाळावरचा व्रण तेवढा राहिला आहे. लोक विचारतात तेव्हा ते 'पाय घसरला' म्हणतात, आणि मी गप्प बसते. डॉक्टरांपुढे मात्र आता मी गप्प बसत नाही. भगिनींनो, आपणही बसू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.