पावतीवरची एक ओळ



अध्यक्षपदावरून मी सातवाहनांवर बोलेन, असे तुम्हांला वाटले असेल. मी पावतीवर बोलणार आहे. सातवाहन वाटेत भेटतीलच.

१ जुलै २०१७ पासून सोन्याचांदीवर ३ टक्के जीएसटी आहे. धनत्रयोदशीला लाखाचे सोन्याचे नाणे घेतले की तीन हजार कराचे. पुढे ते मोडायला नेले तर भाव धातूचा मिळतो. कर आणि घडणावळ गेली ती गेली. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, एवढीच सराफांना विनंती. नव्या नाण्याचा प्रश्न इथे संपतो.

जुन्याचा वेगळा आहे. खिशातले दहा रुपयांचे नाणे म्हणजे पैसा, त्यावर कर नाही. पण नाणकशास्त्रीय मूल्यासाठी जपलेले चलन जीएसटी कायद्याने पैशाच्या व्याख्येतून वगळले आहे. धातू आणि दर्शनी किंमत यांपलीकडे नाण्याला आणखी एक मोल असते, हे करकायद्याने मान्य केले! मला याचा फार आनंद वाटतो, आणि म्हणूनच आपल्या पावत्या पाहून वाईट वाटते.

राणीछाप रुपया घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. मोडीत गेला की साल, टांकसाळीची खूण, सारे मुशीत. माझ्या आजोळचे रुपये असेच गेले. पावतीवर फक्त ‘जुनी चांदी’ आणि वजन. नग किती, कोणत्या सालचे, काही नाही.

आज संग्राह्य नाण्यावर ५ टक्के कर आहे. दोन टक्के वाचावेत म्हणून जुन्या नाण्याला ‘चांदी’ लिहिणारे मी पाहिले आहेत, पावतीच न देणारेही पाहिले आहेत. सरकारचा महसूल बुडतो हे वाईटच, पण इतिहासाचे नुकसान त्याहून मोठे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाच्या छापाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या क्षहरात घराण्याची सत्ता कोणी मोडली, ते या ढिगाने सांगितले. कारण तो कुठे सापडला आणि त्यात काय होते, याची नोंद झाली. तीच नाणी सुटी सुटी, विनाकागद विकली गेली असती, तर आपल्या हाती नुसती चांदी उरली असती. गुप्तधन सापडले तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते, हेही इथे सांगून ठेवतो.

वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीत एक सोय आहे. खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल, तर कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. जुन्या नाण्यांना ती कशी लागू होते, हे सरकारने स्पष्ट परिपत्रक काढून सांगावे, अशी माझी मागणी आहे. हा फरक दाखवायचा तर खरेदीची नोंद ठेवावीच लागते. म्हणजे करामुळेच नाण्याला कागद मिळेल.

सराफ बंधूंनो, परिपत्रक येईल तेव्हा येईल. उद्या दुकान उघडाल तेव्हा पावतीवर वजनाखाली एक ओळ वाढवा: राज्यकर्ता, टांकसाळ, साल आणि नाणे कुठून आले ते. आणि संग्राहकांनो, ती ओळ नसेल तर नाणे घेऊ नका.