डोमेन विकलं, पण नावावर झालं का?

डोमेन विकणं म्हणजे नुसता पासवर्ड देणं नव्हे. गाडी विकल्यावर आरसीवरचं नाव बदलावं लागतं, तसंच इथेही नोंदणीतलं मालकाचं नाव बदलावं लागतं.

पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे भरवशाच्या तिऱ्हाइताकडे जमा होऊ द्या. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर डोमेन थेट त्यांच्या खात्यात टाकता येतं. रजिस्ट्रार वेगळे असतील तर लॉक काढा, ऑथ कोड घ्या आणि तो फक्त खरेदीदाराला द्या. डॉट कॉमला यात ५ दिवसांपर्यंत लागू शकतात. डोमेन नोंदवून ६० दिवस झाले नसतील, तर मात्र थांबावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच डोमेनवरचा ईमेल तुम्ही बँकेला, जीएसटी पोर्टलला दिलाय का? डोमेन गेलं की त्या पत्त्यावर येणारे ओटीपी आणि पासवर्ड बदलायच्या लिंक नव्या मालकाला मिळू शकतात. म्हणून कोड देण्याआधी सगळीकडचा ईमेल बदला, जुने मेल उतरवून ठेवा.

आणि खरेदीदारांनो, नोंदणीत तुमचं नाव आणि ईमेल दिसल्याशिवाय एस्क्रोला होकार देऊ नका.